तरवडानं टेकवलेली फांदी

त्या मुलखात वाळूशिवाय काही टिकत नसे, आणि वाळूही एका जागी टिकत नसे. एकच टेकडी काय ती वर्षानुवर्षं जागची हलली नव्हती, कारण तिच्या माथ्यावर तरवडाचं झुडूप होतं. वाऱ्याचे दिवस आले की तरवड आपली एक फांदी वाकवून वाळूवर टेकवायचा. टेकडी ती पांघरून घ्यायची, फांदीला मुळं फुटायची आणि दोघंही वाऱ्याला पुरून उरायचे. मग तरवड असा पिवळाधमक फुलायचा की काय सांगावं! आता ते दिवस गेले.

एकदा राजाच्या बागेचा माळी तिकडून चालला होता. फुलं बघून तो हरखला.

"अरे, या ओसाडीत कशाला झुरतोस? माझ्याबरोबर चल. रोज पाणी घालीन."

तरवडाला मोह पडला. खोटं कशाला बोला, तहान कुणाला नसते?

"जा बाबा, सुखात राहा," टेकडी म्हणाली. "वाऱ्याचं मी बघते."

बागेत पाणी रोज, खत वेळेवर. पानं भरघोस आली, फूल मात्र एक नाही. वाऱ्याच्या दिवसांत तरवडानं सवयीनं फांदी खाली टेकवली, तर माळ्यानं ती काठीला सुतळीनं ताठ बांधली.

"इथं असं वाकायचं नाही, शहाण्या!"

"पाहुणे, कुणाच्या पाया पडताय?" शेजारचा मोगरा खिदळला.

 तरवडाला टेकडीची आठवण यायची. दरवर्षी तो वाकायचा, दरवर्षी माळी बांधायचा. चौथ्या वर्षी माळी वैतागला.

"वारा पडेपर्यंत फूल दिसलं नाही, तर उपटून चुलीत घालीन."

त्या वर्षी वारा फार सुटला. फाटकाखालून बागेत वाळू येऊ लागली. माळी रोज झाडून थकला. एक वाटसरू पाणी प्यायला थांबला होता, त्याला त्यानं विचारलं, "एवढी वाळू येते तरी कुठून?"

"ती टेकडी होती ना, ती सुटली. धरून ठेवणारं कुणी राहिलं नव्हतं तिला."

तरवडानं हे ऐकलं. त्यानं सारा जीव एकवटून हिसका दिला, तशी सुतळी तुटली.

वारा पडला त्या सकाळी माळी कुदळ घेऊन आला. तरवडाची फांदी जमिनीला टेकली होती आणि वाळूनं ती अर्धी पांघरून घेतली होती. वर राहिलेल्या टोकाला पिवळी कळी होती. माळ्यानं कुदळ खाली ठेवली आणि बाहेर अडलेल्या वाळूसाठी जाऊन फाटक सताड उघडलं.