हुंकारा कोण देणार

“मग थांबलास कशाला, आजा?”

सायसिंगने मॉनिटरवरून डोकं वर काढून विचारलं. टेक सहावा होता.

वेस्ता आजा आपल्या घराच्या ओट्यावर मांडी घालून बसला होता. समोर मोगरा. अकरा वर्षांची, सिनेमातली त्याची नात.

“पोरगी झोपली,” आजा म्हणाला.

“नाही झोपले,” मोगरा म्हणाली. “माझे डोळे उघडे होते.”

“डोळ्यांचं काय सांगतेस. मासोळीचेही उघडेच असतात.”

अंगणातली माणसं हसली. सायसिंग हसला नाही.

सायसिंग याच पाड्यावरचा. नवव्या वर्षी आश्रमशाळेत गेला, तिथून नाशिकला, तिथून पुण्याला. छत्तिसाव्या वर्षी परत आला तो कॅमेरा घेऊन, पावरी बोलीत सिनेमा करायला. सिनेमा एका मुलीचा. ती आश्रमशाळेतून सुट्टीत घरी येते. आजोबा तिला आपल्या कुळाची गोष्ट सांगू लागतात, आणि काय म्हणावं हे तिला सुचत नाही.

आजा आणि सायसिंगचं बोलणं पावरीत झालं. इथे मराठीत लिहिलं आहे. आज्याला सायसिंग तूच म्हणे. तेही तसंच ठेवलं आहे.

या पाड्यावर गोष्ट सांगण्याची एक रीत आहे. सांगणारा एक वाक्य संपवतो. ऐकणारा ‘हं’ म्हणतो. मग पुढचं वाक्य. याला हुंकारा देणं म्हणतात.

पहिल्या पाच टेकमध्ये मोगराने तो दिला. तिच्या तोंडून तो आपसूक निघत होता. पाचही वेळा सायसिंगने ‘कट’ म्हटलं.

“तू गप्प बसायचंस, मोगरा. ती मुलगी गप्प आहे. तोच तर सिनेमा आहे.”

सहाव्या वेळी मोगराने खालचा ओठ दाताखाली घट्ट धरून ठेवला. आज्याने एक वाक्य सांगितलं, वाट पाहिली... आणि थांबला.

“आजा, तिला ‘हं’ म्हणायचंच नाहीये,” सायसिंग ओट्याजवळ येऊन म्हणाला. “तू सांगत राहा.”

“कुणाला?”

“तिला.”

“ती तर ऐकत नाही.”

“ऐकतेय. फक्त गप्प आहे.”

“मग भिंतीलाच सांग म्हण की. ती तरी मी स्वतः लिंपलेली आहे.”

सूर्य समोरच्या डोंगराच्या हातभर वर उरला होता. भाड्याचा कॅमेरा परवा परत जायचा होता. उद्याचा दिवस लग्नाच्या प्रसंगाला दिलेला. आज्याची गोष्ट आजच, याच उन्हात मिळायला हवी होती. आणि ती पूर्ण येणारा दुसरा माणूस त्या खोऱ्यात उरला नव्हता.

सायसिंगने एक तोड काढली. कॅमेऱ्याच्या मागे त्याचा पाड्यावरचा बालमित्र डोंगरसिंग उभा राहील. हुंकारा तो देईल, हळू, माइकपासून लांब.

आज्याने डोंगरसिंगकडे पाहिलं. मग मोगराकडे.

“जेवायला बसली ही,” तो म्हणाला, “आणि ढेकर परसातून यायचा?”

आता सायसिंगलाही हसू आलं. पण त्याने ते लगेच आवरलं.

“हे बघ आजा, गोष्ट मला माहीत आहे. आपल्याच कुळाची आहे, लहानपणी तुझ्याकडूनच ऐकली. मी लिहून काढलीय. तू नुसता शेवटपर्यंत बोल. बाकीचं मी बघतो.”

“लिहिलीस?”

“हो.”

“बघू. वाच.”

सायसिंगने हातातले कागद उलटले.

“दोन भाऊ नदीच्या पलीकडे राहत होते. दुष्काळ पडला म्हणून निघाले. थोरला म्हशीची शेपटी धरून अलीकडे आला. तेवढ्यात नदी चढली. धाकटा पलीकडेच राहिला. थोरल्याने काठावर उभं राहून हाक मारली.”

“बरोबर. पुढे?”

सायसिंगने पान उलटून पाहिलं.

“पुढे कागदावर काय आहे?”

“...‘आजा पुढे सांगत राहतो.’”

“आणि त्याच्या पुढे?”

“तेवढंच.”

आवाज टिपणारी केतकी पुण्याची. तिला पावरी येत नव्हती. तिने कानांवरचे हेडफोन उचलून पाहिलं, यंत्र बंद पडलं की काय म्हणून.

“हाक मारली, तिथं तू उठलास,” आजा म्हणाला. “शाळेची जीप आली होती. तुझी आई तुझं नाक पुसत होती. जाताना म्हणालास, उरलेली दिवाळीत ऐकतो.”

“आठवतं मला.”

“दिवाळीला आलास.”

“आलो होतो ना!”

“बॅट घेऊन आलास.”

डोंगरसिंग खो खो हसला. त्याच बॅटने तोही खेळला होता.

सायसिंग मॉनिटरपाशी जाऊन बसला. त्याने हात वर केला. टेक सात. केतकीने बोट ओठांवर ठेवलं. सगळे गप्प झाले.

आज्याने मोगराच्या डोक्यावर हात ठेवला.

“सरक जरा, पोरी.”

ती सरकली. आजा बसल्या जागी अर्धा वळला. आता त्याचं तोंड मोगराकडे नव्हतं. मॉनिटरकडे होतं. कॅमेरामनने मान वळवून पाहिलं. सायसिंगने त्याला खूण केली, चालू दे.

“थोरल्याने हाक मारली,” आजा म्हणाला.

आणि सायसिंगकडे बघत राहिला.

...

तीन कोंबड्या अंगण ओलांडून गेल्या. केतकीचं बोट ओठांवरच होतं.

“हं,” सायसिंग म्हणाला.

“पण नदीचा आवाज मोठा. हाक पोचली नाही.”

“हं.”

“मग संध्याकाळी त्याने काठावर जाळ केला.”

“हं.”

“थोड्या वेळाने पलीकडेही जाळ दिसला.”

सायसिंगच्या मांडीवरचे कागद खाली घसरले. त्याने ते उचलले नाहीत. आजा वाट बघत होता.

“...हं.”

“असे चार महिने गेले. रोज इकडे जाळ, तिकडे जाळ. पाणी उतरलं तोवर धाकट्याने तिथंच घर बांधलं होतं, बायको आणली होती. थोरला म्हणाला, चल आता. धाकटा म्हणाला, माझी चूल इथं पेटली, मी कसा येऊ?”

“हं.”

“तेच उंबरखाडी गाव. तिथली माणसं आपले भाऊ. आपण त्यांना पोरगी देत नाही, त्यांची करत नाही.”

“हं.”

आजा थांबला. सायसिंग पुढे झुकला.

“काय?”

“‘काय’ म्हणायचं नसतं,” आजा म्हणाला. “‘हं’ म्हणायचं. एवढंही विसरलास?”

सायसिंग खाली पडलेले कागद गोळा करू लागला. एक पान वर काढून त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. सिनेमात मुलीच्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. सकाळी होडीने पलीकडे जायचं ठरलं होतं. साठ माणसांचं जेवण सांगून ठेवलं होतं.

“आजा... उद्या आपण उंबरखाडीतच लग्न लावतोय.”

“हो. मलाही बोलावलंय जेवायला.”

“भावाबहिणीचं लग्न!”

“मी म्हटलं, सिनेमात चालत असेल.”

“अरे, मग तू बोलला का नाहीस?”

“तुला पुढचं माहीत होतं ना?”

मोगराने तोंडावर दोन्ही हात दाबले तरी तिचं हसू बोटांमधून फुटलं. सायसिंगने तिच्याकडे पाहिलं. मग तो ओट्याच्या कडेला बसला आणि हसू लागला. बराच वेळ हसला. मनगटाने डोळे पुसले, पुन्हा हसला, पुन्हा पुसले. शेवटी शेवटी तो हसत होता की नाही ते नीट कळत नव्हतं.

आज्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

जरा वेळाने सायसिंगने पेन मागितलं. लग्नाच्या पानावर आडवी रेघ ओढली. खाली एक ओळ लिहिली आणि ती मोठ्याने वाचून दाखवली.

“उंबरखाडीचे भाऊ जेवायला बोलावतात.”

“जेवण तेच ना?” डोंगरसिंगने विचारलं.

“तेच. होडीही तीच.”

“मग ठीक.”

ऊन आता अंगणातून निघून कुंपणावर गेलं होतं. केतकी हेडफोन गळ्यात अडकवून आली. ती खूश दिसत होती.

“सर, आज्यांचा आवाज फार सुंदर आलाय. एकदम जवळून. फक्त मध्ये मध्ये तुमचा आहे. मोजलं मी. सहा ‘हं’ आणि एक ‘काय’. पण काळजी करू नका, पुण्याला गेल्यावर सगळे काढून टाकू. कळणारसुद्धा नाही.”

“काय म्हणते ती?” आज्याने विचारलं.

“म्हणते, मशीनने माझा आवाज काढून टाकता येतो. नुसता तुझा राहील.”

आजा त्या काळ्या यंत्राकडे थोडा वेळ बघत राहिला. मग मोगराच्या खांद्याला धरून उठला आणि तिच्या आधाराने दाराकडे निघाला.

“काढा की,” उंबऱ्यात थांबून तो म्हणाला. “आणि मग माझा राहिला, तर निरोप धाड.”