गोधडीचा दोरा

“...आणि दोरी? दोरी किती जाड घेऊ, तेवढं तरी सांगा.”

मोरेश्वर मास्तरांचा हा सातवा प्रश्न. आधीच्या सहांची उत्तरं इसाकचाचांनी अजून दिली नव्हती. दर्ग्याच्या ओट्यावर मांडी घालून ते फाटकं जाळं सांधत बसले होते. खाली ओहोटीने ओसरलेली खाडी होती, आणि उघड्या पडलेल्या चिखलात खेकड्यांची बारीक लगबग चालली होती.

मास्तर गावच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी ओट्यावर सगळा पसारा मांडला होता. फायबरच्या दोन काठ्या, नायलॉनची तीन रिळं, गळांची डबी. शिवाय एक वही. वहीत काठ्यांची लांबी, लवचीकता, दोऱ्यांची ताकद, सगळं रेघा मारून लिहिलेलं. शाळेतल्या ताणकाट्याला लावून त्यांनी प्रत्येक दोरी ताणून पाहिली होती.

“भिंग माशाचं वजनसुद्धा लिहिलंयस,” चाचा वहीत डोकावून म्हणाले. “त्याला विचारलंस का, मान्य आहे का म्हणून?”

मास्तर हसले नाहीत.

उद्या साडेदहाची भरती होती. भाद्रपदात भिंग समुद्रातून खाडीत चढतो. चंदेरी, काट्यांनी भरलेला मासा. गावातली पोरं तेव्हा धक्क्यावर गळ टाकून रांगेने गरवायला बसतात. मास्तरांच्या मुली, दहा वर्षांची वेणू आणि सात वर्षांची चिमी, उद्या त्या रांगेत बसणार होत्या. तसा शब्द त्यांनी देऊन टाकला होता.

गेल्या भाद्रपदात याच धक्क्यावरून वेणू पाण्यात गेली होती. मास्तरांनी उडी टाकून तिला वेणीला धरून वर काढलं. तेव्हापासून न्हाणीघरात कुणी बादलीत तांब्या बुडवला तरी ते दाराशी धावत.

आणि परवा तीच म्हणाली, “बाबा, यंदा जायचं ना?”

नाही म्हटलं असतं, तर बाप घाबरलाय हे तिला कळलं असतं. ते हो म्हणाले. त्या घटकेपासून त्यांना नीट जेवण गेलेलं नव्हतं.

“ही सगळ्यांत जाड.” मास्तरांनी एक रीळ पुढे केलं. “तीस किलोलाही तुटत नाही. मी स्वतः मोजलंय.”

“पोर किती किलोची?”

त्यासाठी मास्तरांना वही उघडायची गरज नव्हती.

“...सव्वीस.”

चाचांनी जाळ्याची एक गाठ मारली. मग दुसरी.

“म्हणूनच तिच्या कमरेला दोर बांधणार आहे,” मास्तर घाईने म्हणाले. “दुसरं टोक माझ्या हातात. आणि काठी तिच्या मनगटाला बांधायची. म्हणजे कशी, काठीही सुटायला नको आणि...”

“बांध.”

“आता? ती तर घरी आहे.”

“तुझ्या मनगटाला बांध.”

मास्तरांनी काठीच्या मुठीला दोर घातला आणि मनगटाभोवती आवळला. तीन गाठी मारल्या. गाठी मारण्यात ते चोख होते. चाचांनी जाड नायलॉनची दोरी काठीच्या टोकाला बांधून तिचं दुसरं टोक घेतलं, हाताला जाळ्याचा तुकडा गुंडाळला, त्यावर दोरीचे दोन वेढे दिले आणि दर्ग्याच्या पायऱ्या उतरून गेले.

पाऊणशे वर्षांचा माणूस तो. खाली उभा राहून त्याने एकच झटका दिला.

मास्तर ओट्यावरून घसरले ते थेट दुसऱ्या पायरीवर गुडघ्यावर आले. चष्मा उडाला. चाचा ओढतच होते.

“सोडा, चाचा.”

“तू सोड.”

“अहो, गाठ आहे ना.”

“हं.”

दोरी सैल झाली. चाचा वर आले. चष्मा उचलून लुंगीच्या टोकाने पुसला आणि मास्तरांच्या हातात दिला. गुडघ्याकडे पाहिलंही नाही. मग ते आत गेले आणि सुताचं एक रीळ घेऊन आले. पांढरा दोरा, गोधडी शिवतात तो.

त्यांनी वीतभर दोरा तोडला. त्याचं एक टोक नायलॉनला बांधलं, दुसरं गळाला. नायलॉन आणि गळ यांच्यामध्ये आता तेवढाच वीतभर दोरा होता.

मास्तरांना त्या दोऱ्याची एकदम ओळख पटली. त्यांना गरवायला शिकवलं होतं ते चाचांनीच, याच धक्क्यावर, चाळीस वर्षांपूर्वी.

“आमच्या वेळी तुम्ही असंच बांधून द्यायचात,” गुडघा चोळत ते म्हणाले. “तेव्हा नायलॉन कुठे मिळायचं म्हणा.”

“मिळायचं.”

“...मिळायचं?”

“पोतंभर होतं माझ्याकडे.”

मास्तर गळाकडे बघत राहिले. किती वेळा तो दोरा तुटला होता. कितीदा ते नाक पुसत चाचांकडे धावत आले होते, आणि चाचांनी मुकाट्याने दुसरा वीतभर दोरा बांधून दिला होता. गरिबी म्हणून दोरा, असंच ते आजवर समजत होते. वर्गात मुलांनाही त्यांनी तसंच सांगितलं होतं.

“पण दोरा तुटला की मासा जाणार.”

“जाणार.”

“पोर रडणार.”

“काठावर रडेल.”

वाऱ्याने वहीची पानं फडफडली. मास्तरांनी त्यावर गळांची डबी ठेवली.

“गेल्या साली काय लागलं होतं तिच्या गळाला?” चाचांनी विचारलं.

“पाकट. सुपाएवढं होतं.”

“काठी मनगटाला बांधलेली होती?”

“नाही.”

“मग सुटली कशी नाही?”

“शेवाळ होतं ना धक्क्यावर. पाय सरकला तिचा.”

“मी पायाचं नाही विचारलं, मोरू. हाताचं विचारलं.”

मास्तरांनी वहीवरची डबी उगाच नीट सरकवली.

शेवाळावरून पाय सरकला, असं सगळं गाव म्हणत होतं. त्यांनी बायकोलाही तेच सांगितलं होतं. वेणूनेही, ज्याने ज्याने विचारलं त्याला, तेच सांगितलं होतं. एकदाही न चुकता. आपण तिला असं सांगायला कधी शिकवलं, हे मास्तरांना आठवत नव्हतं. कारण त्यांनी शिकवलंच नव्हतं.

खाली चिखलात पाण्याची पहिली बारीक रेघ आत सरकू लागली. भरती लागली होती.

“मी ओरडलो होतो,” मास्तर म्हणाले.

चाचांनी मान वर केली.

“काठी वाकली, आणि मी मागून ओरडलो. सोडू नकोस म्हणून.”

“एकदा?”

“...तीनदा.”

“हं.”

“ती पडली नाही, चाचा. ती नुसती...” त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. “धक्का संपला तरी तिने सोडलं नाही. पाण्यातून काढली तेव्हाही काठी तिच्या मुठीत होती. बोटं सोडवायला लागली मला. एकेक करून.”

सुताचं रीळ चाचांनी मांडीवर घेतलं आणि दोरा मोजू लागले. एक वीत. आणखी एक वीत.

मास्तरांनी मनगटाची गाठ सोडायला घेतली. तिसरी सुटली, दुसरी सुटली. पहिली काही केल्या सुटेना. त्यांनी ती तशीच राहू दिली.

“काठ्या राहू देत,” ते म्हणाले. “बांबूच्याच देतो. पण दोरी, चाचा... दोरी कुठली देऊ?”

चाचांनी दातांनी दोरा तोडला आणि दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले.

“तुझ्या आवाजाहून कच्ची.”