केळीच्या खांबातला विस्तव

"एकदा तरी म्हणाल का, सर... की काम चांगलं झालं?"

यामिनी फेगडे विचारून बसली आणि तिचं तिलाच अवघडल्यासारखं झालं. चाळिशीला आलेली बाई, पुण्यात स्वतःची प्रयोगशाळा असलेली. आणि मागत काय होती, तर शाबासकी.

भिरूड सर ओट्यावर बसले होते. समोर केळीची बाग. घड उतरवून झाल्यावर तोडलेले खांब बांधावर कुजत पडले होते. सर त्यांच्याकडे बघत राहिले. बोलले काहीच नाहीत.

ते त्यांचं पूर्वीपासूनचंच. यामिनी जळगावच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकत होती, तेव्हाही ते असेच. केळीच्या खांबापासून इंधन काढायचं हे वेड मूळचं त्यांचं. रावेरकडच्या आपल्या गावाहून येताना ते ओले खांब खांद्यावर टाकून एसटीत चढायचे. चिकाचे डाग नसलेला सदरा त्यांच्या अंगावर कुणी पाहिला नव्हता. यामिनीचा प्रयोग फसला, की ते एवढंच म्हणायचे, "पुन्हा लाव."

आणि साधला, की...

तेव्हाही "पुन्हा लाव."

सरांना जे जमलं नव्हतं, ते पुढे यामिनीला जमलं. खांबातल्या चिवट धाग्यांची साखर करणारं एन्झाइम महाग, आणि एकदा वापरलं की खांबांच्या लगद्याबरोबरच वाहून जायचं. तिथेच सरांचं घोडं अडलं होतं. यामिनीने ते एन्झाइम लोखंडाच्या नॅनोकणांवर, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक कणांवर, बसवलं. काम झालं की चुंबक लावायचं. कणांबरोबर एन्झाइम बाहेर येतं, आणि पुढच्या लगद्याला तेच पुन्हा कामी येतं. साखर आंबवली, की इथेनॉल.

दिल्लीत तिने हे मांडलं तेव्हा अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. ती मात्र मागच्या खुर्च्यांवर नजर फिरवत होती. हृदयाचं ऑपरेशन झालेले सर एवढ्या लांब येणार नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी नजर फिरतच राहिली.

म्हणून आज ती स्वतः इथेनॉलची बाटली घेऊन सरांच्या गावी आली होती. सगळं सांगून झालं. सरांनी दोनच गोष्टी विचारल्या: चुंबकाने ओढल्यावर एन्झाइमची ताकद किती उरते, आणि खांब सुकवून घेतेस की ओलेच. तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली. झालं.

सर फार वाळले होते. दिवाळीनंतर मुलगा त्यांना बंगळुरूला नेणार होता, कायमचा. मग हा ओटा कुठला, आणि भेट तरी कुठली? त्या धास्तीनेच तिने आज तोंड उघडलं होतं.

"दिल्लीत सगळे बोलले, सर," ती हळूच म्हणाली. "मी तुमच्या शब्दासाठी थांबले होते."

...

सर उठले. भिंतीला धरत आत गेले, पितळेची वाटी आणि काडेपेटी घेऊन आले. वाटी ओट्याच्या कडेला भर उन्हात ठेवली. बाटलीतलं थोडं इथेनॉल तीत ओतलं आणि काडी लावली.

यामिनी वाकली. दुपारचं ऊन वाटीवर लखलखत होतं. ना धूर, ना ज्योत.

"उन्हात दिसायचं नाही, सर. आत अंधारात नेऊ या. निळी दिसते, फार सुंदर."

"इथे दिसत नाही?"

"नाही."

"नीट बघ."

तिने पुन्हा पाहिलं. तिला रडू येईलसं वाटलं. एवढ्या वर्षांनी सरांना दाखवायला आणलं, आणि दाखवता येत नव्हतं.

"नाही दिसत, सर."

सरांनी तिचं मनगट धरलं. तिचा तळवा त्यांनी वाटीवर नेला.

...

यामिनीने हात झटकन मागे घेतला.



"दिसत नव्हतं," सर म्हणाले, "तर हात का ओढून घेतलास?"