सगुणेचे चार उपास

एका बाजारगावात पूर्वी एक वृद्ध वैद्य राहत असत. नाडी पाहण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत दुसरा कोणी नव्हता, पण त्यांची खरी ख्याती होती ती विचित्र प्रश्नांसाठी. ताप घेऊन आलेल्याला ते झोपायची खोली कुठल्या दिशेला आहे ते विचारत आणि पोटदुखीवाल्याला घरात भांडण कुणाशी आहे ते. त्यांच्याजवळ एक शिष्य शिकत होता. तो हुशार होता आणि हुशार शिष्यांना असते तशी गुरूच्या चुका काढायची हौस त्यालाही होती.

एकदा शेंगांचा एक व्यापारी आपल्या पत्नीला घेऊन वैद्यांकडे आला. सोबत त्याची आईही होती, आणि तिच्या मांडीवर आठ महिन्यांचे तान्हे बाळ. पत्नीचे नाव सगुणा. तिचे डोळे खोल गेले होते, पाण्याची कळशी उचलताना दोनदा भोवळ येऊन ती पडली होती, आणि आता अंगावरचे दूध आटत चालले होते. बाळ भुकेने रडे, ते पाहून ती रडे. व्यापाऱ्याने याआधी दोन वैद्य करून पाहिले होते. तो हात जोडून म्हणाला, की केशर-बदाम घालून, भस्म घालून, जे काही द्यायचे ते द्या, फक्त या दोघांना वाचवा.

वैद्यांनी नाडी पाहिली. मग सगुणेला विचारले, “आठवड्यात कुठल्या दिवशी जरा बरं वाटतं?”

सगुणेने सासूकडे एकदा पाहिले आणि हळूच म्हणाली, “सोमवारी. माझा उपास असतो त्या दिवशी.”

शिष्याला हे फार आवडले. केवढी ही श्रद्धा, असे त्याच्या मनात आले. वैद्यांनी मात्र उपासाला काय खातेस, शेंगदाणे खाऊन कधी अंगावर पित्त उठते का, घसा सुजतो का, असे बारीकसारीक विचारून घेतले. तसे काही होत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “औषध नको. आजपासून बाळासाठी व्रत धर. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार, असे चार उपास.”

शिष्याच्या हातातला खल खाली पडता पडता राहिला. जिला धड उभे राहवत नाही, जिच्या अंगावर पिते बाळ आहे, तिला उपास? पण वैद्य शांतपणे नियम सांगत होते. सकाळी मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा. दुपारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी, वर वाटीभर ताक. तिन्हीसांजेला दाण्याचा एक लाडू आणि पेलाभर दूध. दाणे निवडून घ्यायचे, खवट किंवा काळा पडलेला एकही नको. आणि व्रताचे पान घरात सर्वांच्या आधी वाढायचे, गरम असताना, सासूबाईंनी आपल्या हाताने. सासूने मान डोलावली. व्रताचे काम म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणेल?

मंडळी गेली तसा शिष्य उसळला. त्याने विचारले, की हा उपचार कुठल्या ग्रंथात आहे?

वैद्य म्हणाले, “अरे, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तू ऐकलं नाहीस. ती बाई फक्त सोमवारी जेवते. इतर दिवशी घरोघरच्या सुनांसारखी सगळ्यांची पानं उठल्यावर बसते. मग राहिलेली अर्धी भाकरी आणि वरणाचा तळ. दाण्याचं कूट रोज तीच करते, पण ते दुसऱ्यांच्या कोशिंबिरीत जातं. सोमवारी तिचं रांधणं वेगळं असतं, त्यात वाटा मागायला कुणी येत नाही. मी तिला ‘पोटभर जेव’ म्हटलं असतं, तर ती हो म्हणाली असती आणि घरी जाऊन पुन्हा सगळ्यांच्या मागे बसली असती. स्वतःसाठी वाढून घ्यायची तिला लाज वाटते. व्रतासाठी वाटणार नाही.”

शिष्य जरा नरमला. तरी बदाम परवडत असताना शेंगदाणे कशाला, हे त्याला पटेना. शेंगदाणे म्हणजे गप्पा मारताना तोंडात टाकायची गोष्ट. वैद्य हसले आणि म्हणाले, “नाव तर नीट वाच. भुईमूग. अरे, ते कडधान्यच आहे, जमिनीखाली पिकतं एवढंच. मुगासारखं अंगावर मांस चढवतं, आणि वर अंगचं तेल असतं, म्हणून ताकद टिकते. लवकर भूक लागत नाही. मात्र मूठभरच हवं. तळून, तिखटमीठ लावून पसापसा खाल्लं तर जळजळणारच.” आज आपण त्याला प्रथिने, चांगला स्निग्धांश आणि ब गटातली जीवनसत्त्वे म्हणतो. वैद्यांना ही नावे ठाऊक नव्हती. दाणा ठाऊक होता.

दोन महिन्यांनी मंडळी परत आली. सगुणा स्वतः बाळाला कडेवर घेऊन आली होती, आणि बाळ चांगले बाळसे धरून वैद्यांची दाढी ओढायला झेपावत होते. व्यापाऱ्याने आनंदाने विचारले, की आता व्रताचे उद्यापन कधी करायचे?

तेव्हा वैद्यांनी सगळे उघड सांगितले. व्रत कसले नि उपास कसला, तुझी बायको उपाशी होती. ज्या घरातून गावोगाव पोत्यांनी दाणे जातात, त्या घरात तिला मूठभर खायला देवाचे नाव घ्यावे लागले. व्यापाऱ्याची मान खाली गेली. त्याने तिला कधी कमी पडू द्यायचे ठरवले नव्हते. त्याने पाहिलेच नव्हते, एवढेच.

कोपऱ्यात बसलेल्या सासूने या वेळी पहिल्यांदाच तोंड उघडले. “वैद्यबुवा, हे व्रत म्हातारपणी धरलं तर चालतं का हो? मला दात नाहीत, पण कूट खाता येईल.”

मग व्यापाऱ्याने आईला विचारले, “आई, तू केव्हा जेवतेस गं?”

“तुमचं सगळ्यांचं झालं की,” म्हातारी सहज म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. “आधी आम्ही दोघी मागाहून बसायचो. आता उपासाच्या दिवशी मी एकटीच बसते.”

सगुणेने डोळ्याला पदर लावला. व्यापारी उठून आईजवळ जाऊन बसला. वैद्यांना मात्र स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी म्हातारीची नाडी पाहिली. ती सुनेच्या त्या दिवसाच्या नाडीहूनही मंद होती, आणि दोन महिन्यांपूर्वी म्हातारी याच खोलीत त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

मंडळी गेल्यावर शिष्य गुरूची चूक काढील असे वैद्यांना वाटले होते, पण तो खल पुसत बसला. अखेर वैद्यच म्हणाले, “लिहून ठेव. रोग्याला आपण विचारतो, तू काय खातोस, किती खातोस. यापुढे आणखी एक विचारायचं. तुझ्यानंतर कोण जेवतं?”