पाऊणपटीचा धडा

खाडीपल्याडच्या कोळीवाड्यातल्या शाळेत त्या दिवशी उलटाच कारभार चालला होता. फळ्यापाशी चौथीतली हिरू उभी, आणि सोलापूरकडचे बिराजदार गुरुजी पोरांच्या पट्टीवर मांडी घालून बसलेले! गुरुजींनी समुद्र पाहिला तोच नोकरी लागल्यावर. म्हणून भरती-ओहोटीचं गणित ते हिरूकडून शिकत होते.

तेवढ्यात होडीतून उतरून तपासणीचे दहिफळेसाहेब दारात आले. आधी पोट आलं, मागून साहेब.

"पोरांना विचारून शिकतो तो मास्तर कसला?" साहेब गरजले, आणि त्यांनी शेरेबुकात लिहिलंसुद्धा, 'शिक्षक अडाणी आहेत. बदली करावी.'

गुरुजींचा चेहराच उतरला. पोरांचा जीव लागला होता त्यांच्यावर, आणि त्यांचाही पोरांवर.

अकरा वाजता साहेब ऐटीत धक्क्यावर गेले. बघतात तर खाडी ओसरलेली, होडी चिखलात रुतलेली आणि नावाडी जेवायला पसार! साहेब परत शाळेत आले.

"ए पोरी, पाणी कधी चढेल गं?"

"सांगते की, साहेब," हिरू म्हणाली. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पुरी भरती. चारला होडी तरंगेल. पण तुम्हीही पोरीलाच विचारलंत. आता तुमचा शेरा कुणी लिहायचा?"

साहेबांनी मुकाट्यानं शेरेबुक मागवलं आणि ती ओळ खोडली. मग चार वाजेपर्यंत तेही पट्टीवर बसून पाऊणपट शिकले. शेजारी गुरुजी छाती फुगवून बसले होते. साहेबांपेक्षा ते एक धडा पुढं होते ना!