पाठमोरी खार

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा जनावरं एकमेकांची लाज राखायची. रानाच्या कडेला, आंब्याच्या ढोलीत एका खारीने दाण्यांचं कोठार मांडलं होतं. उपाशी असेल त्याने यावं, पसाभर दाणे न्यावेत. देताना खार खोडाकडे तोंड करून बसायची. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये, एवढंच.

पहिल्या साली दोघंच येत, लंगडा ससा आणि म्हातारा पारवा. पावलांवरूनच ती त्यांना ओळखे. पुढे रांग पार ओढ्यापर्यंत गेली, आणि खारीचा अख्खा दिवस खोडाकडे बघण्यातच जाऊ लागला.

रानाचा कारभारी मोर मात्र खूश होता. वरच्या फांदीवर पिसारा सावरत तो म्हणाला, "केवढी दानत आपल्या रानाची! खारूताई, यंदा ढोली दुप्पट करू, थाटात उद्घाटन करू!"

तेवढ्यात मागे जड खूर वाजले. खूर ओळखीचे होते, पण गळ्यातली घंटा मुकी होती. कुणाला कळू नये म्हणून त्याने तिच्यात गवत कोंबलं असणार. सुगीला ज्वारीची पहिली गोण या ढोलीत आणून टाकणारा मळ्यातला बैल होता तो.

"दिवसभर नांगर ओढतो गं," तो पुटपुटला, "तरी पोट भरत नाही."

खारीने न वळता दाणे मागे सरकवले. खूर लांब गेल्यावर ती म्हणाली, "ढोली मोठी करा हो, मोरदादा. पण ती भरणारेच आता माझ्या पाठीमागे उभे आहेत."