चेअरमनसाहेबांचा चहा

साखर कारखान्याचे चेअरमन दौलतराव कुणाचं ऐकतील तर शपथ! रक्तदाबामुळे दोनदा भोवळ येऊन पडले, तरी डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी खिडकीतून भिरकावल्या. ही गोळी सर्पगंधेच्या मुळीतूनच काढतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं. झालं! "मुळी दारात असताना कारखान्यातली गोळी कशाला?" म्हणत ते मनाला येईल तेवढी मुळी चावू लागले. एक दिवस घेरी, दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या. सून शालन तर सांगून सांगून थकली.

एका सकाळी संचालक मंडळी ओसरीवर बसलेली असताना तिने चहा आणला. दौलतरावांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. कपाच्या तळाशी सोललेल्या उसाचे तुकडे होते.

"सूनबाई, साखर कुठाय?"

"त्यातच आहे की, मामंजी! ऊस दारात असताना कारखान्यातली साखर कशाला?"

संचालक हसू दाबू लागले. दौलतराव भडकले. "अगं, अशानं चहात साखर किती उतरली, हे कळणार कसं? दर फडातल्या उसात ती कमी-जास्त असते! म्हणून तर कारखाना लागतो!"

"मग त्या मुळीत औषध किती असतं, मामंजी?"

 शालनने गोळी पुढे धरली. दौलतरावांनी ती गिळली आणि कप तिच्याकडे सरकवला.

"आता तरी साखर घाल. दोन चमचे."

"मोजूनच घालते," शालन म्हणाली.